घोंगडीचा पीळ

“हवामान सांगितलंच नाही त्यानं, बुवा. याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला?”

निरंजनबुवा डोंगराच्या सोंडेवर ओली घोंगडी झटकत होते. मठात येण्याआधी तीस वर्षं ते ज्या फोनवर बसले, त्यावर आता उत्पला बसत होती. शेजारची दोन राष्ट्रं, दोघांकडे अणुबॉम्ब, आणि मध्ये हा एक फोन. रोज सकाळी दहाला तो चालू आहे ना, एवढंच बघायचं. मग रिवाज म्हणून आपापल्याकडचं हवामान सांगायचं. पलीकडचा माणूस धुक्याला रोज शिव्या घालायचा.

सोमवारी तो नुसतं “चालू आहे” म्हणाला आणि फोन ठेवला. मंगळवारपासून उचलेचना. आता दोन्हीकडची क्षेपणास्त्रं बाहेर निघाली होती.

“उचललाच, तर झोंबेल असं एक वाक्य द्या मला.”

“रविवारी तू काय सांगितलंस?”

“मीही नुसतं ‘चालू आहे’ म्हटलं. वरून हुकूम होता. फालतू बोलू नका म्हणून.”

बुवांनी घोंगडीचं टोक तिच्या हातात कोंबलं. “धर. पिळायचीय.”

सोंड जेमतेम पाच पावलं रुंद. दोघांच्याही पाठीशी दरी. बुवांनी पीळ भरला, तिनंही भरला. ते मागं रेलले. तीही रेलली, दातओठ खात.

तिच्या टाचेखालचा दगड सुटला. खाली पडल्याचा आवाज आलाच नाही.

ती दचकली. “बुवा, सोडा.”

“सोडली तर तू जाशील.”

“मग मी सोडते.”

“मग मी जाईन.”

“अक्कल गेलीय तुमची,” ती किंचाळली. “म्हातारपणी हे काय सुचतंय?”

“कड्यापासून मागं हो.”

“मागं कुठं होऊ? मागंच कडा आहे.”

“मग?”

ती जळजळीत नजरेनं त्यांच्याकडे बघत राहिली... आणि एक पाऊल पुढं आली. बुवाही तेवढंच आले. घोंगडी मध्ये सैल लोंबली.

उत्पलानं पिशवीतून त्याच लाइनला जोडलेला सरकारी फोन काढला. हुकूम नव्हता, तरी तिनं लावला. घंटा वाजत राहिली... वाजतच राहिली. राग अजून उतरला नव्हता.

पलीकडे कुणीतरी उचलला. शब्द नाही, नुसता श्वास.

तिनं बुवांकडे पाहिलं.

बुवांनी आभाळाकडे पाहिलं.

“सांग त्याला,” ते म्हणाले, “इकडं ऊन पडलंय.”