पाव ओटी

गोदाक्काच्या शब्दावर गावात एकाचाही विश्वास बसला नाही. देवीच्या यात्रेत देवस्थानच्या दुकानात ती ओट्या विकायची. लहान ओटी वीसला, मोठी पन्नासला. व्यवस्थापक खोचे म्हणाले, "विक्री सतराशे पस्तीसची. हिने बाराशेच दिले. दुकान काढून घ्या." झालं! कालपर्यंत तिच्या ताटात जेवणाऱ्या बायाही सभेत लांब सरकून बसल्या.

गोदाक्का एकटीच उभी राहिली.

"अध्यक्षसाहेब, वीसच्या किती गेल्या, पन्नासच्या किती, ते सोडा. दोन्हींची कशीही बेरीज करा, आकड्याच्या शेवटी शून्यच येतं ना?"

"येतं की."

"मग हे वरचे पाच रुपये कुठले? देवीला पाव ओटी कुणी भरली?"

खोचे हसले. "चौथी पास बाई मला गणित शिकवणार!"

"चौथीच झाले. पण खोटा आकडा खरा दिसावा म्हणून त्याला शेपूट लावायला नाही शिकले."

कुणी हसलं नाही, कुणी तिच्याजवळही आलं नाही. अध्यक्षांनी मात्र विक्रीची वही तिच्यापुढे सरकवली. "या सतराशे पस्तीसच्या खाली सही कुणाची, वाच."

गोदाक्काने बोट ठेवून, एकेक अक्षर लावत, मोठ्याने वाचलं, "भालचंद्र रंगनाथ खोचे."