केशरचा खाऊ गेला कुठे?

इसवी सन दोन हजार अठरा. महिना मार्गशीर्ष, नुकताच लागलेला. ऋतू हेमंत. थंडी कशी? हुडहुड हुडहुड!

अशा थंडीत एका घरी मांजराचे एक पिल्लू होते. त्याचे नाव कवडी. रंग पांढरा. पाठीवर एक पिवळा ठिपका.

त्याच घरी काचेची एक पेटी होती. पेटीत पाणी. पाण्यात केशर. केशर म्हणजे सोनेरी मासोळी.

केशरचा खाऊ असे फ्रीजमध्ये. बर्फाची इवलीशी वडी. वडीच्या पोटात बारीक बारीक कोळंबी. आत्या रोज सकाळी एक वडी काढी आणि वाटीतल्या पाण्यात ठेवी. वडी हळूहळू वितळे. मग आत्या ती गाळणीत गाळी आणि चमच्याने केशरला भरवी. घट्ट वडी तशीच कधी द्यायची नाही. गारठ्याने मासोळीचे पोट दुखते.

त्या दिवशी आत्याने वडी वाटीत ठेवली. वाटी ठेवली पेटीशेजारी. आत्या गेली कणीक मळायला.

वडी वितळली. वास सुटला.

कवडी आली. लुटुलुटु लुटुलुटु.

नाक पुढे केले. हुंग हुंग.

जीभ पुढे केली. चट् चट् चट्!

वाटी रिकामी.

केशर काचेपाशी आली. बुडुक बुडुक.

"कवडे, कवडे, माझा खाऊ?"

कवडीचे कान खाली गेले. शेपटी पोटाखाली गेली. कवडीला फार लाज वाटली. इतकी लाज वाटली, की खरे बोलवेना.

"तुझा खाऊ... गेला," कवडी म्हणाली.

"गेला? मग दुसरा आण बाई. मला भूक लागली."

कवडी निघाली. लुटुलुटु लुटुलुटु. वाटीकडे आली.

"वाटीताई, वाटीताई!
केशर उपाशी.
खाऊ गेला हो, खाऊ गेला!"

वाटी म्हणाली, "मी काय करू? मी रिकामी. फ्रीज वडी देईल, तर मी भरीन."

कवडी निघाली. लुटुलुटु लुटुलुटु. फ्रीजकडे आली.

"फ्रीजदादा, फ्रीजदादा!
वाटी भरेना.
केशर उपाशी.
खाऊ गेला हो, खाऊ गेला!"

फ्रीज म्हणाला, "घुर्र घुर्र! मी काय करू? माझं दार मला उघडत नाही. आत्या दार ओढील, तर मी वडी देईन."

कवडी निघाली. लुटुलुटु लुटुलुटु. आत्याकडे आली.

"आत्या, आत्या!
फ्रीज उघडेना.
वाटी भरेना.
केशर उपाशी.
खाऊ गेला हो, खाऊ गेला!"

आत्या म्हणाली, "अगोबाई! आत्ताच तर ठेवला होता!"

कवडी छताकडे पाहू लागली.

आत्या म्हणाली, "पण मी काय करू? हात बघ माझे, कणकेनं बरबटलेत. नळ पाणी देईल, तर मी हात धुईन."

कवडी निघाली. लुटुलुटु लुटुलुटु. नळाकडे आली.

"नळभाऊ, नळभाऊ!
आत्या हात धुवेना.
फ्रीज उघडेना.
वाटी भरेना.
केशर उपाशी.
खाऊ गेला हो, खाऊ गेला!"

नळ म्हणाला, "टिप्. टिप्. मी काय करू? गच्चीवरची टाकी कोरडी ठाक. आप्पा पंपाचं बटण दाबतील, तर मी वाहीन."

कवडी निघाली. लुटुलुटु लुटुलुटु. आप्पांकडे आली. आप्पा म्हणजे आत्याचे वडील. ते खुर्चीत बसले होते. भिंतीवर बटणांची रांग होती, त्यात घंटेचेही एक.

"आप्पा, आप्पा!
नळ वाहेना.
आत्या हात धुवेना.
फ्रीज उघडेना.
वाटी भरेना.
केशर उपाशी.
खाऊ गेला हो, खाऊ गेला!"

'गेला' म्हणताना कवडीचा आवाज आता बारीक झाला होता.

आप्पा म्हणाले, "मी काय करू? चष्म्यावाचून मला दिसेना. काल असंच दाबलं, तर दारावरची घंटा वाजली! दूधवाला आला म्हणून आत्या पातेलं घेऊन धावली. चष्म्याचं घर त्या रंगोबाच्या पोटाखाली आहे. ऊठ म्हटलं तर ऐकत नाही, लेकाचा. तो उठेल, तर मी बटण दाबीन."

रंगोबा म्हणजे घरचा म्हातारा कुत्रा. अंगाने हा एवढा! सतरंजीवर झोपला होता. घुर्रर्र फुस्स. घुर्रर्र फुस्स.

कवडी निघाली. लुटुलुटु लुटुलुटु. रंगोबाकडे आली.

"रंगोबा आजोबा, रंगोबा आजोबा!
आप्पांना दिसेना.
नळ वाहेना.
आत्या हात धुवेना.
फ्रीज उघडेना.
वाटी भरेना.
केशर उपाशी.
खाऊ गेला हो, खाऊ गेला!"

रंगोबाने एक डोळा उघडला.

"गेला? खाऊला काय पाय होते?"

कवडी पंजा चाटू लागली.

"मग पंख होते?"

कवडी दुसरा पंजा चाटू लागली.

रंगोबाने नाक पुढे केले. हुंग हुंग.

"कवडे, तुझ्या मिशांना कोळंबीचा वास कसा गं?"

कवडीला वाटले, सतरंजीखाली शिरावे आणि बाहेर येऊच नये. तिने मान खाली घातली. अगदी जमिनीला लागली मान.

"मी खाल्ला," ती हळूच म्हणाली.

"मला कशाला सांगतेस? माझा होता का? जिचा होता, तिला सांग. मग मी उठेन."

कवडी परत निघाली. आता लुटुलुटु नाही. एक पाऊल, थांब. एक पाऊल, थांब. आप्पांपुढून गेली, मान खाली. नळापुढून गेली, मान खाली. आत्यापुढून, फ्रीजपुढून, वाटीपुढून गेली, मान खाली. पेटीपाशी आली.

"केशर, केशर! खाऊ गेला नाही. खाऊ मी खाल्ला."

एक बुडबुडा वर आला. बुडुक.

"मला ठाऊक आहे," केशर म्हणाली. "काचेतून सगळं दिसतं. तू चाटत होतीस. मी बघत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलतेस का, ते बघत होते."

कवडीने दोन्ही पंजे डोळ्यांवर धरले.

"चुकले मी."

"चुकलीस खरी. पण मला भूक लागलीय, त्याचं काय?"

तेवढ्यात तिकडून आवाज आला. भू! भू!

रंगोबा उठला.
आप्पांना चष्मा मिळाला.
आप्पांनी बटण दाबले. घूं घूं!
टाकी भरली. नळ वाहिला. धो धो!
आत्याने हात धुतले. चुळुक चुळुक!
फ्रीजचे दार ओढले. खट्!
वडी वाटीत पडली. टण्!

वडी हळूहळू वितळली. टिप टिप टिप. तोवर कवडी भिंतीकडे तोंड करून बसली.

आत्याने खाऊ गाळला. चमचा पाण्यात धरला. केशर आली.

गुळुप! गुळुप! गुळुप!

केशरचे पोट भरले. पण कवडीची लाज काही गेली नाही. ती पिठाच्या डब्यामागे जाऊन बसली. पेटीपुढे येईना. बशीतले दूध पिताना चहूकडे पाही. कोणी आले, की बशी सोडून पळे.

रोज सकाळी आत्या वाटी झाकून ठेवी. ते झाकण पाहिले, की कवडीचे कान खाली जात.

मग एके सकाळी घरात वांग्याच्या भरिताचा वास सुटला. रंगोबासाठी रोडगा भाजला जात होता. रंगोबा चुलीपासून हलेना. आत्याची नुसती धावपळ. तिने वडी काढली. वाटीत ठेवली. वाटी पेटीशेजारी ठेवली. झाकण ठेवले नाही.

"कवडे, ए कवडे! ये बरं इकडे. वाटीवर लक्ष ठेव. मी रोडगा उलटून आलेच."

कवडी डब्यामागून बाहेर आली. वाटीपाशी बसली. वडी वितळली. वास सुटला. मिशा थरथरल्या. पोटात गुडगुड झाली.

कवडीने पंजे पोटाखाली घेतले. शेपटी पायांभोवती गुंडाळली. तोंड घट्ट मिटले.

केशर काचेतून बघत होती. बुडुक बुडुक.

आत्या आली. तिने वाटीत पाहिले. कोळंबी होती तेवढीच होती.

आत्याने केशरला खाऊ भरवला. गुळुप! गुळुप! मग तिने कवडीची बशी आणली. पेटीपुढेच ठेवली. दूध ओतले. काठोकाठ.

"पी आता. हे तुझं."

कवडी दूध प्यायली. चट् चट् चट्! या वेळी तिने इकडे पाहिले नाही, तिकडे पाहिले नाही. केशर काचेला नाक लावून बसली होती.

तो दिवस होता मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीचा. वार गुरुवार. चंपाषष्ठी, खंडोबाचा सण; कुत्र्यांना रोडगा घालायचा दिवस. त्या दिवशी कवडीची लाज सरली, आणि ही गोष्टही सरली.