तुळईखाली बसलेले मेस्त्री

“...तर मगे टेकू काढूक येवढो येळ कित्याक?” धाकू मेस्त्रींनी विचारलं.

 मोरेश्वरचा हात टेकूवर नुसताच होता.

मालवणकडचं ते घर दीडशे वर्षांचं, सगळं सागवानी. लोखंडी खिळा औषधालाही नाही. तुळईचं टोक कातून केलेलं कुसू खांबाच्या खाचेत बसवायचं, वरून फणसाच्या लाकडाची खुंटी ठोकायची, की झालं. वाळवीने खाल्लेली माजघरातली तुळई मोरेश्वरने एकट्याने बदलली होती आणि आठ दिवस गावभर मिशीला पीळ देत हिंडला होता. जुन्यांनी लाकूड उगीच घालवलं, असंही वर ऐकवलं होतं.

सुतारांची रीत मात्र जुनीच. टेकू काढायचा तो सांधा कातणाऱ्याने, आणि तेव्हा तुळईखाली बसायचं त्याला शिकवणाऱ्याने.

मोरेश्वरचे गुरू म्हणून मेस्त्री तिथे मांडी घालून बसले होते. डोक्यावर अख्खी माडी होती, भाताच्या कणग्यांसकट. घरची माणसं अंगणात जाऊन उभी होती.

“मेस्त्रीनू, तुमी जरा बाजूक व्हा.”

“कित्याक?”

“...उगीच.”

“उगीच कोण उठता? काढ.”

मोरेश्वरने जोर लावला. वर कुठेतरी लाकूड कुरकुरलं.  म्हाताऱ्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

टेकू तसाच सोडून तो मटकन खाली बसला.

“कुसू मी चारच बोटां कातलंय... जुना सा बोटां होता.”

मेस्त्री रागावले नाहीत. उठले, धोतर झटकलं आणि अंगणातल्या दुसऱ्या ओंडक्याकडे बोट केलं.

पाच दिवसांनी नवी तुळई चढली. कुसू सहा बोटांचं. मेस्त्री पुन्हा तिथेच बसले. मोरेश्वरने सांधा तीनदा चाचपला, तरी घाम फुटायचा तो फुटलाच. देवाचं नाव घेऊन त्याने टेकू ओढला.

तुळई करकरली...

आणि जिथल्या तिथे राहिली.

मोरेश्वर हसत सुटला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्याचंही त्याला भान नव्हतं.

“मेस्त्रीनू, मी सुटलंय! आता खंयच्याच घरात माका भ्या वाटूचा नाय!”

मेस्त्री उठायच्या बेतात होते. ते परत खाली बसले.

“भ्या नाय? मगे टेकू परत लाव.”