नाकावरचा पंचा

एकदा कापूस पिंजून गाद्या शिवणाऱ्या एका गादीवाल्याला आपल्या गुरूंविषयीच शंका आली. आणि शंका तरी केवढी! भर वैशाखातली टळटळीत दुपार. ज्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, ज्यांनी तरुणपणापासून मासळीला हात लावला नाही, ते आबा परसात उकिडवे बसून करवंट्यांच्या निखाऱ्यांवर बांगडे भाजत होते. आणि नाकावर त्यांनी पंचा करकचून बांधला होता!

गादीवाला दारातच थबकला. व्रत मोडले म्हणावे, तर पंचा कशाला? वास सोसवत नाही म्हणावे, तर विस्तवाशी बसायचे कशाला? बिचारा आला होता आपले दुःख घेऊन, आणि इथे भलतेच कोडे समोर उभे राहिले.

"आलास? बरं झालं," पंच्याआडून आबा म्हणाले. "वाफ्यातल्या चार मिरच्या तोड. आणि दोन वांगी, कोवळी बघून."

त्याने मुकाट्याने तोडून आणली. आबांनी वांगी चिरली, तेलाचा हात लावला आणि जाळीच्या कडेला मांडली. गादीवाल्याला राहवेना. त्याने आपले गाऱ्हाणे सुरू केले.

"आबा, आमचा हरेश्वर दुकान सोडून ताशा वाजवायला लागला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. वर्ष झालं, मित्राकडे राहतो. बोलणं नाही. आज संध्याकाळी देवळासमोर त्याच्या पथकाचं पहिलं वादन आहे. आईजवळ निरोप दिलाय, 'बाबांना म्हणावं, आज तरी या. नाही आलात तर पुन्हा बोलावणार नाही.' आता मला सांगा, ताशा कानावर पडला की माझं डोकं उठतं. तिथे बसून खोटी मान डोलवू? ते ढोंग नाही का होणार? आणि न जावं, तर पोर कायमचं तुटतं."

"जरा वारा घाल निखाऱ्याला," आबा म्हणाले.

घ्या! इथे लेक हातचा चाललाय, आणि गुरूंना निखाऱ्याची काळजी. गादीवाला मनातून चरफडला. पण पंखा हलवत राहिला.

बांगड्यांची कातडी करपून सुटू लागली. आबांनी एक तुकडा काढून त्याच्यापुढे धरला. "मीठ लागलंय का, सांग."

"अहो, तुम्हीच..."

"मी कसा सांगू? माळ आहे ना गळ्यात."

गादीवाल्याचा गोंधळ आणखी वाढला. "कमी आहे थोडं," तो कसाबसा म्हणाला. आबांनी मीठ भुरभुरवले, जाळी उलटली, आणि सगळे नीट ताटात वाढून ओटीवर नेले. तिथे माई बसल्या होत्या, आबांच्या पत्नी. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती. त्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"वांगं थोडं कच्चं राहिलंय हो," त्या म्हणाल्या, "पण बांगडा? फक्कड!"

आबा परत परसात आले. पंचा सोडून त्यांनी पोटभर श्वास घेतला.

"आबा," गादीवाल्याने चाचरत विचारले, "वास आवडायला लागला का तुम्हाला?"

"छे रे! मळमळतं अजून."

"मग हे..."

"ढोंग म्हणतोस? मी मिटक्या मारल्या असत्या, 'काय घमघमाट!' म्हणालो असतो, तर ते ढोंग. पंचा मी हिच्या समोर बांधतो, चोरून नव्हे. साबुदाणा हिच्या घशाखाली उतरत नाही. पण जन्मभर माझ्या एकादशीची खिचडी हिनेच केली. आता हिच्या बोटांना चिमटा धरवत नाही. माझं नाक नाजूक, म्हणून हिने बांगड्याला मुकावं? अरे, आपल्याला आवडलंच पाहिजे, असा हट्ट प्रेमाचा नसतो. ज्याला जे आवडतं, ते आपण नीट भाजून द्यावं. नाक बांधावं लागलं, तर खुशाल बांधावं."

पंखा खाली ठेवून गादीवाला लगबगीने दुकानाकडे निघाला.

संध्याकाळी देवळासमोर पहिल्या रांगेत तो बसला होता. इस्त्रीचा सदरा, आणि दोन्ही कानांत दुकानातल्या कापसाचे हे एवढाले बोळे! ते त्याने लपवलेही नव्हते. हरेश्वरने ते पाहिले. क्षणभर त्याची काडी अडखळली, मग त्याला हसू फुटले, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्या दिवशी तो असा काही वाजवत सुटला, की देवळावरचे एक कबुतरसुद्धा जागेवर राहिले नाही. गादीवाल्याने मान डोलवली नाही. पण तो शेवटपर्यंत उठलाही नाही.

वादन संपल्यावर हरेश्वर घामाघूम होऊन बापासमोर येऊन उभा राहिला आणि काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतोस?" गादीवाला ओरडला.

पोराने स्वतःच्या हाताने बापाच्या कानांतले बोळे काढले.

"आज जेवायला घरी येऊ का, म्हटलं."

हे मात्र गादीवाल्याला लख्ख ऐकू आले.