दुधाची वाट

एका राज्यात, भर चौकात, एक कारंजे होते. शुक्रवारी मुसलमान नमाजाआधी त्यावर हातपाय धुऊन वजू करीत. रविवारी ख्रिस्ती त्याचेच पाणी पवित्र करून चर्चमध्ये नेत. राजा गोन्साल ख्रिस्ती होता. त्याच्यापाशी पूर्वजांचा शापित राजदंड होता. तो धरून दिलेला हुकूम अक्षरशः घडे. धरणाऱ्याला मात्र त्याची बाधा होत नसे.

एके दिवशी राजाच्या मनाने घेतले, की राज्यात एकच धर्म असावा. राजदंड धरून, गच्चीवर उभा राहून तो म्हणाला, "मुसलमानांनो, आज राज्य सोडा. जे जे तुमचे, ते सारे घेऊन जा. तुमचा थेंबही इथे नको."

कठड्यावरचा हुदहुद पक्षी म्हणाला, "महाराज, शब्द मागे घ्या."

"डोक्यावर तुरा आहे म्हणून स्वतःला राजा समजू नकोस," राजा हसला.

शेवटचा माणूस बाहेर पडला आणि वेस बंद झाली. त्याच क्षणी कारंजे आटले; त्याचा पाट मुसलमानांनी खणला होता. मग चर्चची घंटा मुकी झाली. ती मुसलमान कारागिराने ओतली होती.

"पाणी नदीचे आणू. घंटा नवी ओतू," राजा म्हणाला.

तिसरी गोष्ट राजवाड्यात घडली. आईविना वाढलेली राजकन्या एल्विरा डाळिंब सोलत बसली होती.

"बाबा, माझे पाय ओले का होताहेत?"

तिच्या टाचांतून दूध झरत होते. पाहता पाहता पावले काचेसारखी झाली, खालची फरशी दिसू लागली. दुधाचा पांढरा ओघळ उंबरा ओलांडून वेशीकडे निघाला.

हुदहुद म्हणाला, "हिला रैहाना दाईने पाजले. ते दूध दाईमागे चालले आहे. तुम्हीच पाठवलेत."

"उपाय सांग!"

"तीन आहेत. मुसलमानांच्या चटईवर अनवाणी बसा. त्यांच्या पेल्यातले पाणी प्या. राजदंड दाईच्या हाती द्या."

ओघळाच्या मागोमाग राजा नदीकाठच्या तंबूंपाशी पोहोचला. अनवाणी बसला. पाणी प्यायला. पण रैहाना समोर आली, तेव्हा राजदंडावरची मूठ सुटेना.

"तू मलाच हाकललेस तर?"

"म्हणजे हाकलले जाण्याची भीती तुम्हालाही आहे," रैहाना म्हणाली.

ओघळ बारीक होत चालला होता. राजाने मूठ सोडली. आणि त्याच्याच बोटांच्या टोकांतून दूध ठिबकू लागले.

"हे... हे कुणाचे?"

"माझ्या आईचे, महाराज. तुम्ही आणि मी एकाच मांडीवर वाढलो. आजवर राजदंडाने ते अडवून धरले होते."

राजाची बोटे पारदर्शक झाली. रैहानाचा मुलगा तारीफ पुढे आला. "अम्मी, वाहून जाऊ दे याला! आपली घरे गेली."

"तारीफ, तो तुझा मामा आहे."

रैहानाने राजदंड उचलला. "ज्याचे जे जिथे रुजले, ते तिथेच राहो. सगळे परत चला." आणि तिने तो गुडघ्यावर मोडला.

दूध चढणीवरून उलटे वाहू लागले. दूर घंटा आपोआप वाजली. राजाची बोटे भरून आली, तरी तो तळव्यांकडे पाहत तसाच बसून राहिला. तारीफचा राग गेला नव्हता. तरी त्याने हात पुढे केला.

"उठा, मामा. मुलगी एकटी आहे."

वेस उघडली, तेव्हा कारंजे उडत होते. एल्विरा कमरेइतक्या पाण्यात उभी राहून पाय आपटून पाहत होती, आपले आहेत ना ते.