निर्दोष डाव

“म्हणजे बुवा, दोघांच्याही हातून एकही चूक झाली नाही, तर बुद्धिबळात कोणीच हरत नाही. बरोबर ना?”

पद्माकरने पुन्हा तेच विचारलं. बाळगिरीबुवा मठाच्या ओसरीवर बसून खाली नदीकडे पाहत होते.

“कोण म्हणतं?”

“मोठमोठे खेळाडू म्हणतात. निर्दोष डाव बरोबरीतच सुटणार.”

“सिद्ध झालंय?”

“तसं नाही झालेलं. शक्यताच इतक्या, की यंत्रांनीही हात टेकले. पण जन्मभर मी हेच केलं, बुवा. मला कळतं.”

“तुला कळतं...”

खाली घाटावर लिंबाजी कुंभाराचा दहावा होता. पिंड ठेवून बराच वेळ झाला, तरी कावळा शिवेना. बाभळीवर कावळे बसले होते, माना वाकड्या करून बघत होते. लोक हात जोडून एकेक गोष्ट कबूल करत होते. पोरीचं लग्न लावून देऊ. भट्टी विझू देणार नाही. कावळे ढिम्म.

लिंबाजी आणि पद्माकर याच ओसरीवर खेळायला शिकले. मठाचा नियम एकच. हरेल त्यानं पुढचा डाव मांडायचा. त्यात कमीपणा नाही, असं बुवा सांगत. पण मोहरे मांडताना दोघांचेही कान लाल होत.

मग एका संध्याकाळी पटावर नुसते दोन राजे उरले.

“मांड,” लिंबाजी म्हणाला.

“मी का? तू मांड.”

“मी हरलोय का?”

“मग मी तरी कुठं हरलोय?”

तेव्हा दोघंही हसत होते. दुसऱ्या दिवशी हसले नाहीत. पुढे पद्माकर शहरात गेला, नावाजला, त्याच्या हाताखाली खेळाडू तयार झाले. गावी आला की कुंभारआळी टाळून जायचा. लिंबाजीही हाक मारायचा नाही. डाव राहिला तो राहिलाच.

पायऱ्यांवर पावलं वाजली. लिंबाजीची बायको सरू धापा टाकत वर आली.

“भावजी, खाली चला. एवढंच म्हणा, की मी डाव मांडतो.”

“वहिनी, कावळ्याला काय कळतंय बुद्धिबळातलं?”

“कावळ्याला नसेल कळत.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “मला कळतं. आजारपणात पट उशाशी होता त्यांच्या. मी म्हटलं, मी मांडते. तर म्हणाले, तुझ्या हातचा नको.”

पद्माकर उठला नाही.

ती थोडा वेळ थांबली. मग आली तशी उतरून गेली.

बुवा उठले. आतून पट आणि मोहऱ्यांची पिशवी घेऊन आले आणि मांडू लागले. हत्ती, उंट, वजीर... घोडा आडवा पडला, तो त्यांनी पुन्हा उभा केला.

“हे काय, बुवा? तुम्ही कुठं हरलात?”

“दोघांना मीच शिकवलं.”

पद्माकरला बसवेना. त्यानं चपला पायांत सरकवल्या, पहिल्या पायरीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

सगळा गाव खाली जमलेला. ते वाक्य एकदा तोंडातून गेलं, की उद्या जो तो म्हणणार, चूक याचीच होती. बरं, म्हटलं आणि तरीही कावळा शिवला नाही, तर हसं होणार. आणि शिवला तर... शिवला तर त्याहून वाईट. पटासमोर बसल्यासारखा तो एका खेळीमागून दुसरी खेळी बघत राहिला. कुठूनही गेलं तरी शेवटी आपलंच काहीतरी मारलं जात होतं.

बुवांनी उरलेली प्यादी मांडली.

घाटावरची सावली सरकून पाण्याला लागली. भटजींनी अखेर दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. लोक गुडघे धरून उठले, आंघोळीला नदीत उतरले. कोणीतरी बाभळीकडे खडा भिरकावला, तसे कावळे उडाले. सरूनं वर पाहिलंसुद्धा नाही.

पद्माकर परत येऊन ओसरीच्या कडेला टेकला.

“सुटलं एकदाचं,” तो म्हणाला. “मी गेलो असतो तरी काय फरक पडणार होता?”

बुवांनी पटावरचा घोडा सरळ केला.

“बुवा, बोला ना. माझं काही चुकलं का?”

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं.

“नाही रे,” ते म्हणाले. “तुझी एकही चूक झाली नाही.”