लवूने विहीर निववली

कोकणात ऊनझरे म्हणून एक गाव आहे. तिथे लवू नावाचा एक भोळा गडी राहायचा. अंगाने धट्टाकट्टा, कामात अंग चोरणं ठाऊक नाही. फक्त काही सांगितलं, की अगदी सांगितलं तसंच करायचा. आता यात वाईट काय, असं तुम्ही म्हणाल. जरा दम धरा.

ऊनझऱ्याच्या कुंडातलं पाणी बाराही महिने कढत. बायका तिथे धुणी धुतात, फडक्यात बांधून तांदूळसुद्धा शिजवतात. ते बघून शहरातून एक कंपनी आली. तिचे देवस्थळी साहेब म्हणाले, या गावाखालचे खडक निखाऱ्यासारखे तापलेले आहेत. खोल, खूप खोल विहीर पाडायची, खालच्या आचेवर पाण्याची वाफ करायची आणि वाफेवर वीज. जागा लवूच्या बापाची होती. म्हणून करारात ठरलं, घरातला एक माणूस कामाला घ्यायचा आणि त्याला काढायचं नाही. तो माणूस लवू. त्या करारावर सही करणाऱ्याला साटम मुकादमाने पुढे रोज शिव्या घातल्या.

लवूचा जीव मामाच्या मुलीवर, सुगंधावर होता. तिलाही तो पसंत होता. का, ते तिचं तिला माहीत. मामा मात्र पक्का. तो म्हणाला, "नुसत्या भोकाच्या नोकरीवर मी मुलगी देणार नाही. विहिरीतून वाफ निघाली, की त्याच दिवशी सुपारी फोडू. नाही निघाली, तर खालच्या वाडीचं स्थळ आलेलंच आहे."

तेव्हापासून विहिरीची काळजी साहेबांपेक्षा लवूला जास्त.

पहिल्याच दिवशी यंत्राने खालच्या खडकाचा तुकडा तोडून वर काढला. मुकादम म्हणाला, तो उचलून पेटीत ठेव. लवूने उचलला. तळहाताला हे एवढे फोड आले. मुकादमाने कपाळावर हात मारून घेतला आणि समजावलं, "मेल्या, खालून वर येतं ते तापलेलं असतं. आधी पाणी ओतायचं, मग हात लावायचा."

लवूने ते नीट ध्यानात ठेवलं. दुपारी मुकादम चिखलाच्या खड्ड्यात उतरला होता, नळी कुठे तुंबली ते बघायला. काम आटोपून तो वर आला. लवूने वाट बघून ठेवलेली बादली त्याच्या डोक्यावर ओतली, मग हळूच बोट लावून बघितलं. मुकादमाने खिसे उलटे करून बघितले. त्याची विडीकाडी, तंबाखू, सगळं भिजलं होतं.

"अरे, वर आलेल्याला हात द्यायचा," तो शेवटी म्हणाला. "सावलीत बसवायचं. गरम चहा पाजायचा. एवढीही रीत नाही तुला?"

लवूला फार वाईट वाटलं. रीत चुकली म्हणजे काय.

पुढल्या आठवड्यात साहेबांनी खालची उष्णता मोजायचं यंत्र दोरीने विहिरीत सोडलं. परदेशातून आणलेलं, साहेब त्याला पोटच्या पोरासारखं जपत. ते वर आलं तेव्हा साहेब जेवायला गेले होते. लवूने त्याला हात दिला. मांडवाच्या सावलीत साहेबांच्या खुर्चीवर बसवलं. ते चहा काही पिईना. मग लवूला यंत्राला एक फट दिसली, तिथून त्याने थोडा थोडा पाजला. साखर जास्त घातली होती, पाहुणा म्हणून.

साहेब जेवून आले, खुर्चीकडे बघितलं आणि पुन्हा घरी गेले. मुकादम म्हणाला, "यापुढे काहीही झालं तरी हात लावायचा नाहीस. जिथे आहेस तिथे उभा राहा आणि मला हाक मार."

मग एके दिवशी घाट चढून येता येता साहेबांची जीप विहिरीच्या खालच्या वळणावर तापली. पुढून वाफ यायला लागली. साहेब ओरडले, लवू, पाणी आण. लवू जागचा हलला नाही. त्याने मुकादमाला हाक मारली. मुकादम बाजाराला गेला होता, तीन डोंगर पलीकडे. लवू इमानेइतबारे हाका मारत राहिला. तोवर जीपचं इंजिन जळून बसलं, आणि जीप बैलांनी ओढून आणावी लागली.

संध्याकाळी ओरडून ओरडून मुकादमाचा आवाज बसला होता. तो हात जोडून एवढंच म्हणाला, "बाबा रे, तापलं की पाणी घालायचं. विचारत बसायचं नाही. गार होईपर्यंत घालत राहायचं, नाहीतर सगळं बसतं."

हे मात्र लवूला मनापासून पटलं.

विहीर पुरी झाली. साहेब म्हणाले, आता हिला नुसती राहू द्या. पाडताना आत सोडलेल्या चिखलाने गार पडली आहे, हळूहळू आपोआप तापेल. पुरती तापली तेव्हा त्यांनी वाफ सोडायचा दिवस ठरवला आणि पाहुण्यांना आणायला शहरात गेले. मुकादम मांडवाच्या सामानाला गेला. राखणीला लवू.

लवूने सहज विहिरीच्या लोखंडी नळाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. जीपसारखी ही बसली, तर वाफ कुठली आणि सुपारी कुठली? त्याने कुणाला विचारलं नाही. कुदळ घेतली, वरून पोफळीच्या बागांना जाणारा पाट फोडला, पन्हळी लावल्या आणि नळाच्या बगलेतल्या तोंडातून अख्खा पाट विहिरीत सोडला. जेवलासुद्धा नाही बिचारा.

ठरल्या दिवशी अख्खं गाव जमलं. पाहुणे आले, नारळ फुटला. मामा सुपारी घेऊन पुढे उभा होता, सुगंधा नवं लुगडं नेसून बायकांच्या मागे. साहेबांनी नळावरचं चाक फिरवलं. नळीतून आधी थोडी हवा आली. मग एक बेडूक आला.

साहेबांनी नळाला हात लावला आणि तो तिथेच ठेवून मटकन खाली बसले.

"थंडगार आहे की नाही?" लवू म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. "काय तापली होती, साहेब. मी होतो म्हणून वाचली."

मामाने सुपारी खिशात टाकली आणि खालच्या वाडीच्या वाटेला लागला. लवू त्याच्यामागे धावला.

"मामा, अजून थोडी ऊब असेल, पण तुम्ही बिनघोर राहा," तो म्हणाला. "पाट मी अजून बंद केलेला नाही."